जुलाब आणि बद्धकोष्ठतेची औषधे: कोणते आधी घ्यावे, कोणते टाळावे

जुलाब लागले की घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो थांबवायच्या गोळीचा. हा क्रमच चुकीचा आहे, असे मला ठामपणे वाटते. कारण शौचाला किती वेळा जावे लागले यापेक्षा शरीरातले पाणी आणि क्षार किती गेले, यावर जिवाचा धोका ठरतो. म्हणून पहिली पायरी पाहण्याची आहे. तोंड कोरडे पडले आहे का, लघवी नेहमीसारखी होते आहे का, लहान मुलाच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच सपाट होते की तिची घडी क्षणभर तशीच राहते, हे बघावे. शौचात रक्त असेल, ताप जास्त असेल, उलट्यांमुळे घोटभर पाणीही पोटात ठरत नसेल किंवा मूल मलूल झाले असेल, तर तडक दवाखाना गाठावा.

दुसरी पायरी ओआरएसची, म्हणजे ग्लुकोज आणि क्षार विरघळवलेल्या पाण्याची. आतड्याच्या अस्तरातून आत शिरताना ग्लुकोज सोडियमला सोबत नेते आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा शाबूत असते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज आणि क्षारांचे असेच पाणी तोंडाने पाजण्याचा मार्ग धरला आणि मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आणले.

हे पाणी नीट बनवणे मात्र आपल्या हातात आहे. मोठ्या पाकिटातली पूड १ लिटर पाण्यासाठी असते, छोट्या पाकिटातली २०० मिलिलिटरसाठी. मोठे पाकीट फोडून चमचाभर पूड फुलपात्रातल्या पाण्यात ढवळायची आणि उरलेल्या पाकिटाला रबर लावून ते डब्यात ठेवायचे, ही पद्धत मी अनेक घरांत पाहिली आहे. अशाने पाणी दाट झाले तर जुलाब वाढू शकतात आणि पातळ झाले तर क्षार पुरत नाहीत. पाकीट पूर्ण रिकामे करावे, पाणी मोजून घ्यावे आणि २४ तासांनी उरलेले ओतून द्यावे. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे ६ सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट छोटा चमचा घालावा. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर हे ओआरएसचे पाणी चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध, पेज, मऊ भात बंद करू नये. मुलांना डॉक्टरांना विचारून जस्ताची (झिंकची) गोळीही द्यावी: सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालील बाळाला १० मिलिग्रॅम, आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण.

यानंतरच लोपेरामाइडचा, म्हणजे जुलाब थांबवायच्या गोळीचा, विचार करावा, तोही फक्त मोठ्या माणसासाठी. ही गोळी आतड्याची हालचाल मंद करते. जंतूंना ती काही करत नाही. सुरुवातीला २ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, मग प्रत्येक पातळ शौचानंतर एक, आणि स्वतःहून घेताना दिवसात चारपेक्षा जास्त नाही, दोन दिवसांपलीकडे नाही. ताप किंवा शौचात रक्त असताना ती अजिबात घेऊ नये. दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या प्रतिजैविकांची तर बहुतेक जुलाबांत गरजच नसते.

बद्धकोष्ठतेत पहिली पायरी पुन्हा पाहण्याचीच आहे, पण इथे गोळ्यांचा डबा बघावा. लोह, कॅल्शियम, ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामक औषधे आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या शौच घट्ट करतात. त्या स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना दाखवाव्यात. वजन घटत असेल, रक्त पडत असेल किंवा पोट फुगून वारासुद्धा सरत नसेल, तर रेचक घेऊच नये, आधी तपासून घ्यावे.

औषधांत सुरुवात इसबगोलापासून करावी. एक-दोन चमचे भुसा पेलाभर पाण्यात घालून तो फुगायच्या आत प्यावा आणि वर आणखी एक पेला पाणी घ्यावे. पाणी कमी पडले तर तोच भुसा घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. गुण यायला एक ते तीन दिवस लागतात. त्याने भागले नाही तर लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल घ्यावे; ही औषधे आतड्यात पाणी धरून ठेवतात. आतड्याला चालना देणारी बिसाकोडिलची गोळी त्यानंतर आणि थोडेच दिवस: ती रात्री घेतली की सकाळी काम करते, मात्र दुधाबरोबर घेऊ नये आणि चावू नये, नाहीतर तिचे आवरण आतड्याआधी जठरातच विरघळून कळा येतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मॅग्नेशियमची औषधे टाळावीत, गर्भवतींनी एरंडेल.

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते. आठवडाभर शौच झालेले नसते आणि अचानक कपड्याला पातळ मळ लागू लागतो. घरच्यांना ते जुलाब वाटतात, पण प्रत्यक्षात खाली मळाचा कठीण गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत असतो. अशा वेळी लोपेरामाइड दिले तर गोळा आणखी पक्का होतो. म्हणून वृद्ध माणसाला शेवटचे घट्ट शौच कधी झाले होते, ते आधी विचारावे. दिवस आठवत नसेल तर कोणतीच गोळी न देता डॉक्टरांकडून गुदमार्ग तपासून घ्यावा.