‘तुम्हीच ठरवा’ म्हणण्याआधी

पाचवीचा वर्ग, पट ३८, परिसर अभ्यासाचा तास, विषय पाणी. मी मोठ्या उत्साहात सांगितलं होतं, तीन गोष्टींपैकी हवी ती निवडा: प्रश्नांची उत्तरं लिहा, चित्र काढा, नाहीतर मैदानात लिंबाखाली गटात बसून चर्चा करा. ३४ हात लिंबाला वर गेले. मैदानात चौथीची कवायत चालू होती. मी म्हटलं, "बाहेर नको, उरलेल्या दोघांतलं निवडा." मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मग विचारलंत कशाला?" त्यानंतर दोन आठवडे काहीही विचारलं की एकच उत्तर, "तुम्हीच सांगा बाई." आणि दंगा आधीपेक्षा जास्त.

म्हणून वर्गात मुलांना निवड देण्याआधी शिक्षकाने करायची ही तयारी लिहून ठेवतेय. तासाचं टाचण, खडू, हजेरी वगैरे तुम्हाला माहीत आहे.

सगळ्यात आधी, काय निवडायचं *नाही* ते ठरवा. आपल्या गावात पाणी कुठून येतं आणि वापरून झाल्यावर कुठे जातं, एवढं सगळ्यांना तासाअखेर सांगता आलं पाहिजे. हे ठरलेलं, त्यावर चर्चा नाही. निवड फक्त वाटेची. वाडीचा नकाशा काढून दाखवा, टँकरच्या रांगेतलं संभाषण लिहून म्हणून दाखवा, किंवा घरी आजीला विचारायचे पाच प्रश्न तयार करा आणि त्यांची आपल्याला वाटतात ती उत्तरं लिहा. हे ठरवायच्या आधी पर्याय सुचायला लागले तर थांबा. माझं तिथेच घसरलं होतं, ‘लिंबाखाली’ हा पर्याय नव्हताच, ती जागा होती.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक पर्यायासमोर टाचणवहीत हा प्रश्न लिहा: *सगळ्यांनी हाच निवडला तर?* ३८च्या ३८ जणांनी. जागा पुरेल? आवाज चालेल? शेजारच्या वर्गाला? मला स्वतःला चालेल? एकाही उत्तरात ‘बघू’ आलं तर तो पर्याय खोडा. "सगळे कशाला तेच निवडतील" असं मनात येतं, मलाही आलं होतं. मुलं मित्राकडे बघून हात वर करतात, त्यामुळे सगळे तेच निवडतात.

पर्याय किती? पहिल्यांदा दोन, सवय झाली की तीन. जास्त दिले म्हणजे जास्त मोकळीक, असं होत नाही. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांच्या २००० सालच्या शोधनिबंधात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ऐच्छिक निबंधासाठी काहींना ६ विषय दिले होते, काहींना ३०. सहावाल्यांपैकी ७४ टक्क्यांनी निबंध लिहिला, तीसवाल्यांपैकी ६० टक्क्यांनी, आणि सहावाल्यांचे निबंधही सरस होते. ती कॉलेजची पोरं होती, आपली दहा वर्षांची आहेत.

पर्याय तोलून बघा. एक सोपा आणि दोन अवघड ठेवले की हुशार मुलं सोप्याकडे पळतात आणि आपण त्यांनाच आळशी म्हणतो. नकाशावाल्यांनीही नावं लिहायची, बाण दाखवायचे. नुसतं रंगवून चालणार नाही. आणि "अभ्यास करतोस की बाहेर उभा राहतोस?" हा पर्याय नाही, धमकी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, तेव्हा ती सवय तशीही सोडाच.

साहित्य मोजा. अंदाज नको, मोजा. कार्डशीट, स्केचपेन, पट्ट्या. सगळ्यांनी नकाशाच निवडला तर? (हो, पुन्हा तेच. कार्डशीट बारा असतील तर वहीचं मधलं पान वापरायचं हे आधीच ठरवा, मुलांसमोर नव्हे.)

निवडायला दोन मिनिटं, हात वर करून नाही, चिठ्ठीवर. चिठ्ठी आधी, बोलणं नंतर. एकदा बदलायला परवानगी, फळ्यावर नाव लागलं की बंद. काहीच न लिहिणारी दोनतीन मुलं असतातच. त्यांना सगळ्यांसमोर टोकू नका, "आज मी सांगते, उद्या तू सांग" पुरतं.

जो मुलगा रोज तास उधळतो त्याच्यासाठी वेगळी तयारी. त्याला वर्ग सुरू व्हायच्या आधी, जवळ जाऊन, हळू आवाजात विचारा: आधी नकाशा की आधी नावं? खिडकीजवळ बसतोस की पुढे? एवढंच. भांडण पेटल्यावर विचारू नका, तेव्हा तो काहीच निवडत नाही आणि तुमचा पारा चढतो. त्याच्या पर्यायांनाही तोच प्रश्न लावा: त्याने हाच निवडला तर मला चालेल? खिडकी चालणार नसेल तर खिडकी म्हणू नका. शब्द फिरवला की तो महिनाभर विसरत नाही. बाकीचे ३७ सुद्धा.

मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, उद्या थोडा आवाज होईल. शाळा तपासायला केंद्रप्रमुख येणार असतील त्या दिवशी करू नका.

तास सुरू झाल्यावर फिरत राहा, खुर्चीत बसू नका. लवकर संपवणाऱ्यांसाठी एक जादा काम. शेवटची पाच मिनिटं आवराआवरीला, खिचडीच्या घंटेआधी. तपासायचं सगळ्यांचं एकाच मापाने.

आणि घरी जाण्याआधी उद्याच्या पर्यायांसमोर तो प्रश्न लिहा. सगळ्यांनी हाच निवडला तर? लिहिलात? उरलेली कार्डशीट वरच्या खणात ठेवा, खाली उंदीर कुरतडतात.