लिनक्सचं स्टोरेज बेंचमार्क विंडोजवर आणताना या चुका टाळा

स्टोरेज बेंचमार्क म्हणजे डिस्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम. त्याचं चुकीचं पोर्ट, म्हणजे दुसऱ्या सिस्टिमसाठी केलेलं रूपांतर, सहसा क्रॅश होत नाही. ते बिनतक्रार चालतं, आकडे देतं, आणि त्या आकड्यांवर विसंबून कुणीतरी डिस्क निवडतं. म्हणून कंपायलरची शेवटची एरर गेली की काम संपलं असं मानू नका.

सगळ्यात जास्त फसवते ती फाइल तयार करण्याची पद्धत. चाचणीसाठी १० जीबीची फाइल हवी, म्हणून आपण फाइलचा शेवट तिथे सरकवतो आणि लगेच रीड टेस्ट लावतो. विंडोजची फाइल सिस्टिम एनटीएफएस मात्र त्या फाइलचा वैध डेटा कुठपर्यंत आहे याची वेगळी नोंद ठेवते. त्या सीमेपलीकडचं वाचायला गेलात तर डिस्कला हात न लावता शून्यं परत मिळतात, आणि वेग अविश्वसनीय दिसतो. लिहितानाही तीच अडचण: सीमेपलीकडे लिहिलं की मधली जागा आधी शून्यांनी भरली जाते, आणि असिंक्रोनस म्हणून (पूर्ण होण्याची वाट न बघता) पाठवलेलं लेखन प्रत्यक्षात सिंक्रोनस होतं, म्हणजे ते संपेपर्यंत थांबावं लागतं. क्यू डेप्थ (एका वेळी पाठवलेल्या विनंत्यांची संख्या) ३२ दिलीत तरी काम एकेक करूनच होतं. उपाय कंटाळवाणा आहे, पण खात्रीचा: मोजणीआधी संपूर्ण फाइल खऱ्या डेटाने एकदा लिहून काढा.

दुसरी चूक कॅशची. विंडोजवर लिनक्सचा ओ_डायरेक्ट (कॅश टाळून थेट डिस्कशी व्यवहार करायला लावणारा पर्याय) नाही, म्हणून तो मॅक्रो शून्य ठेवून पुढे गेलात तर तुम्ही रॅम मोजताय. फाइल उघडताना फाइल_फ्लॅग_नो_बफरिंग द्या. मग ऑफसेट (फाइलमधली जागा) आणि लांबी सेक्टरच्या पटीत लागते, बफरचा पत्ताही अलाइन केलेला लागतो. नाहीतर एरर ८७ (अवैध पॅरामीटर) येते. बफरच्या मेमरीसाठी मालॉकवर विसंबू नका, व्हर्च्युअलअलॉक वापरा. एफसिंकच्या (लिहिलेला डेटा डिस्कवर पोचवणाऱ्या फंक्शनच्या) जागी फ्लशफाइलबफर्स घाला. तिथे रिकामं फंक्शन ठेवणं म्हणजे वापरणाऱ्याची फसवणूक आहे.

वेळ मोजायला गेटटिककाउंट घेऊ नका. त्याचा टप्पा १० ते १६ मिलिसेकंदांचा, तर एनव्हीएमई डिस्कचं एक रीड साधारण शंभरेक मायक्रोसेकंदांत उरकतं. क्वेरीपरफॉर्मन्सकाउंटर हवा.

बाकीच्या चुका लवकर सापडतात. ६४-बिट विंडोजवरही लाँग हा पूर्णांक प्रकार ३२ बिटांचाच असतो, त्यामुळे २ जीबीनंतर ऑफसेट उलटून ऋण होतो. ओपन करताना बायनरी मोड विसरलात तर लाइन एंडिंग बदलून डेटाच बिघडतो. विंडोजवर फोर्क (प्रोसेसची प्रत काढणारं फंक्शन) नाही, म्हणून थ्रेड वापरा. एफआयओ या स्टोरेज बेंचमार्कच्या विंडोज आवृत्तीतही थ्रेडच लागतात. त्याच एफआयओमध्ये कोलन हा फाइलनावांमधला विभाजक आहे, त्यामुळे ड्राइव्हच्या अक्षरापुढच्या कोलनआधी बॅकस्लॅश द्यावा लागतो.

पोर्ट तयार झालं की रन चालू असताना शेजारी परफॉर्मन्स मॉनिटर उघडा आणि फिजिकल डिस्कचे काउंटर बघा. तुमचा प्रोग्रॅम सेकंदाला २ जीबी वाचतोय म्हणत असेल आणि काउंटर जवळपास शून्यावर असेल, तर आधी फाइलची वैध सीमा तपासा, मग कॅश.