आखनझेच्या काठी सहा रात्री: निघण्याआधीची तयारी

ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात आखनझे नावाचा तलाव आहे. साधारण नऊ किलोमीटर लांब, जेमतेम एक किलोमीटर रुंद आणि १३३ मीटर खोल. एका अंगाला कारवेंडेलचे डोंगर, दुसऱ्या अंगाला रोफानचे. आई-बाबांना घेऊन मी तिथल्या पेर्टिझाउ गावात, एका कुटुंबाने चालवलेल्या बारा खोल्यांच्या गेस्टहाउसमध्ये सहा रात्री राहून आले. तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, "तिकडे जायचंय, काय काय न्यायचं?" बॅगेकडे आपण येऊच. पण त्याआधी गेस्टहाउसला एक ईमेल लिहायला बसा, कारण निम्मी तयारी त्या ईमेलमध्ये आहे.

लहान गेस्टहाउस म्हणजे त्या लोकांचं राहतं घर. रात्रभर जागं असणारं स्वागतकक्ष नाही. खालच्या मजल्यावर आजी, वर पाहुणे, मागे गोठा, असाच प्रकार अनेक ठिकाणी असतो. तेव्हा आपण किती वाजता पोहोचणार, ते आधी कळवा. रात्रीचं जेवण भाड्यात धरलंय का, आणि स्वयंपाकघर कोणत्या वारी बंद असतं, तेही विचारा. लिफ्ट आहे का? आईच्या गुडघ्यांना लाकडी जिन्याचे तीन मजले झेपणार नव्हते. मी आधी विचारलं म्हणून त्यांनी तळमजल्याची खोली दिली. खोलीत पाणी तापवायची किटली असेलच असं गृहीत धरू नका. सकाळी उठल्याउठल्या चहा लागणाऱ्यांसाठी हा प्रश्न लहान नाही.

'वेलनेस' या शब्दाखाली नक्की काय आहे, हे एकेक करून विचारून घ्या. मोठ्या हॉटेलात पाच प्रकारचे सौना, म्हणजे घाम काढायच्या तापवलेल्या खोल्या, आणि गरम पाण्याचा तलाव असतो. लहान ठिकाणी बहुतेक वेळा एक फिनिश सौना, जमलं तर वाफेची खोली किंवा इन्फ्रारेडची केबिन, आणि पडून राहायला चार आरामखुर्च्या. सौना दिवसभर तापलेला नसतो. आमच्याकडे दुपारी चार ते रात्री आठ चालू असायचा, तोही सकाळच्या नाश्त्याला सांगून ठेवलं तर. वेगळे पैसे पडतात का, मुलांना किती वयापासून येऊ देतात, पंचे आणि झगा खोलीत ठेवतात का, हेही त्याच ईमेलमध्ये. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, 'आमच्या कुटुंबापुरता एक तास सौना मिळेल का?' हा प्रश्न लाजून गाळू नका. का, ते पुढे सांगते.

तारखा ठरवताना एवढं बघा की नोव्हेंबरमध्ये आणि ईस्टर उलटल्यावर मेच्या सुरुवातीपर्यंत अशी पुष्कळ घरं बंद असतात. हिवाळ्यात तलावाचं पाणी बरंच खाली गेलेलं दिसतं, कारण १९२७ पासून या पाण्यावर खाली दरीतल्या येनबाख गावात वीज तयार होते. पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखा भरलेला निळा तलाव बघायचा असेल तर जून ते सप्टेंबर. सप्टेंबरच्या शेवटाकडे गाई डोंगरावरच्या कुरणांतून गावात उतरतात. डोक्यावर फुलांचे मुकुट, गळ्यात मोठाल्या घंटा. आपल्या पोळ्याची आठवण येणारच.

कागदपत्रांचं थोडक्यात. ऑस्ट्रियासाठी शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण पंधरा दिवसांवर कधीही विसंबू नका. विमान जर्मनीतल्या म्युनिकला उतरणार असलं तरी जास्त रात्री ऑस्ट्रियात असतील तर अर्ज ऑस्ट्रियाकडेच करायचा. इथे पुष्कळांची गफलत होते. गेस्टहाउसच्या बुकिंगपत्रावर प्रत्येकाचं नाव पासपोर्टावर आहे तसंच, तारखा आणि पूर्ण पत्ता हवा. घरगुती जागा असल्याने त्यांचं पत्र कधी कधी "प्रिय पाहुणे, वाट बघतोय" एवढंच येतं. ते प्रेमाचं असलं तरी व्हिसाला चालत नाही, नीट लिहून मागा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. त्यात डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलून आणण्याचा खर्च धरलाय का, ते बारीक अक्षरात वाचा. फिरताना पाय मोडला आणि हेलिकॉप्टर आलं तर ऑस्ट्रियात त्याचं बिल माणसाच्या नावावर येतं. डोंगरी बचावासाठी १४० आणि सर्वसाधारण आणीबाणीसाठी ११२, हे दोन क्रमांक फोनमध्ये घालून ठेवा.

म्युनिकहून येनबाख स्टेशन रेल्वेने दीड-दोन तासांवर. काही गाड्या थेट थांबतात, काहींसाठी कुफस्टाइनला गाडी बदलावी लागते. येनबाखहून तलावापर्यंत उन्हाळ्यात १८८९ साली सुरू झालेली वाफेची दातेरी आगगाडी जाते. ती बघायला आणि बसायला सुंदरच आहे, पण पोहोचण्याच्या दिवशी मोठ्या बॅगा घेऊन तिच्यात चढू नका. बसने जा, गाडीचा दिवस वेगळा ठेवा. गेस्टहाउसमध्ये पोहोचलात की पाहुण्यांचं कार्ड मागून घ्या, त्यावर स्थानिक बस आणि इतर काही सवलती मिळतात.

पोहोचायचा वार रविवार नको, हे मी फार कळकळीने सांगते. शनिवारी संध्याकाळी सहाला किराणा दुकानं बंद होतात ती थेट सोमवारी सकाळी उघडतात. आम्ही रविवारी पोहोचलो, त्यात गाडी उशिरा, घरात शिरलो तेव्हा रात्रीचे साडेआठ. जेवणाची वेळ साडेसहा ते साडेसात होती. चूक आमचीच, मी कळवलंच नव्हतं. मालकीणबाईंनी ब्रेड, चीज आणि सफरचंदं काढून दिली. बाबांची मधुमेहाची गोळी मात्र जेवणासाठी खोळंबली होती. एका जेवणापुरता फराळ हातातल्या पिशवीत ठेवाच. दशम्या, चटणी, चिवडा, खाकरे असं काहीही. दूध, तूप, पेढे, पनीर आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत. हापूसची पेटीही नाही. फळं-पाला रोग-किडीपासून मुक्त असल्याचं प्रमाणपत्र नसेल तर आंबा विमानतळावरच राहतो, कढीलिंबाची जुडीसुद्धा.

जेवणाचं आणखी थोडं. शाकाहारी असाल तर आधी कळवाच, पण 'शाकाहारी' या शब्दाचा अर्थ उलगडून सांगा. टिरोलमध्ये पावाच्या गोळ्यांचं, म्हणजे क्न्योडेलचं, फार प्रस्थ आहे. पालकाचे, चीजचे गोळे उत्तम लागतात. पण साध्या क्न्योडेलमध्ये बहुतेकदा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, आणि चीजचा गोळा ज्या सुपात पोहतो ते सूप गाईच्या हाडांचं असू शकतं. म्हणून तीन शब्द पाठ करा: 'ओने फ्लाइश' म्हणजे मांसाशिवाय, 'ओने श्पेक' म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाशिवाय, आणि 'गेम्यूझझुपे', भाज्यांचं सूप. आईने क्न्योडेलला पहिल्या दिवशी 'पावाचा मुटका' म्हटलं आणि शेवटपर्यंत तेच नाव राहिलं. काझश्पाट्सलन म्हणजे चीजमधल्या जाड शेवया, वर तळलेला कांदा. दुपारी चालून आल्यावर याहून चांगलं काही नाही. काइझरश्मार्न हा गोड धिरड्याचा चुरा असतो, त्यात अंडं असतंच. अंडं न खाणाऱ्यांनी तेही स्पष्ट लिहावं, आणि जैन जेवण हवं असेल तर काय चालतं तेच लिहून पाठवावं. काय चालत नाही याची यादी वाचून तिथला स्वयंपाकी गोंधळतो. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. नळाचं पाणी डोंगरातल्या झऱ्याचं असतं.

आता सौना. ऑस्ट्रियात सौनात पोहण्याचा पोशाख घालून जात नाहीत. कपड्याविना बसतात, आणि स्त्री-पुरुष एकत्र. आत अंगभर मोठा पंचा असा पसरायचा की पावलांसकट सगळं अंग त्यावर राहील आणि घामाचा थेंबही लाकडावर पडणार नाही. तिथे यात कुणी कुणाकडे बघत नाही, ती स्वच्छतेची रीत आहे. तरीही आपल्याला अवघड जाणार, आणि जाणं साहजिक आहे. यासाठीच मी तो कुटुंबापुरत्या एका तासाचा प्रश्न लिहायला सांगितला. आमच्या मालकीणबाईंनी सहज हो म्हटलं आणि दारावर पाटी लावली. आई आणि मी पंचा गुंडाळून बसलो, बाबा दुसऱ्या दिवशी एकटे गेले. पोहण्याच्या तलावात मात्र पोशाख लागतोच, तो बॅगेत असू द्या.

रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह असेल किंवा दिवस गेलेले असतील तर इथेच आपल्या डॉक्टरांना विचारून जा. तिथे गेल्यावर मोह होतो. फिनिश सौना ८० ते १०० अंशांवर असतो. जेवून लगेच जाऊ नये, मद्य घेऊन तर नाहीच. आधी अंघोळ, अंग कोरडं, मग खालच्या फळीवर आठ-दहा मिनिटं. वरच्या फळीवर धग जास्त असते, ती सवय झाल्यावर. बाहेर आल्यावर मोकळ्या हवेत दोन मिनिटं, मग पायांपासून वर गार पाणी, मग झगा घालून निवांत पडून राहायचं. हे पडून राहणं टाळू नका. आमच्या विश्रांतीच्या खोलीत एकच लांबट खिडकी होती, तलावाकडे तोंड करून. घरी दुपारी पाच मिनिटं स्वस्थ न बसणारी आई तिथे पाऊण तास पाण्याकडे बघत पडली होती. तिला हाक मारावीशी वाटली नाही.

या तलावाकाठची खास गोष्ट म्हणजे श्टाइनओल, शब्दशः 'दगडाचं तेल'. कारवेंडेलमधल्या बेखेनटाल खोऱ्यातला काळा पाटीचा दगड तापवून ते काढतात. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्री जिवांचे अवशेष त्या दगडात आहेत. पेर्टिझाउमध्ये हा उद्योग १९०२ पासून चालत आलाय. तेल काळपट, गंधकाचं आणि धुराचा वास असलेलं. दुखऱ्या सांध्यांसाठी, त्वचेसाठी त्याच्या अंघोळी आणि चोळणी मिळतात. वेळ आधी ठरवावी लागते. जुने, गडद रंगाचे आतले कपडे न्या, डाग पडायची भीती राहत नाही.

आणि दागिने. वज्रेश्वरीच्या कुंडात उतरलेल्या कुणालाही ठाऊक असतं की गंधकाच्या पाण्यात चांदी काळवंडते. आईची जोडवी तीस वर्षांत निघाली नव्हती. आदल्या रात्री साबणाचा फेस करून काढायला गेलो तर बोट सुजलं, आणि ती रडवेली झाली. ते काम घरी, आठवडाभर आधी, थंड पाण्यात पाय बुडवून करा. सौनात सोनंही तापून चटका देतं. मंगळसूत्र काढायला मन तयार नसेल तर हट्ट नको. सौनाऐवजी नुसतं कोमट पाण्याचं टब मागा. आईने शेवटी आपणहून काढून माझ्या हातात दिलं, रुमालात गुंडाळून.

बॅगेत मग उरतं ते थोडंच. घरात वापरायच्या चपला, कारण बाहेरचे जोडे दाराशी ठेवतात. पावसाचं जाकीट, दुपारी वीज-वादळ येऊ शकतं. एक स्वेटर जुलैतही, सकाळी दहा अंश असतात. तळाला पकड असलेले बूट. दोन गोल पिनांचा आपला चार्जर तिथे चालतो, तीन पिनांचा चालत नाही. उंचीची धास्ती नको. तलाव ९२९ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा खाली. पाणी मात्र ऑगस्टमध्येही जेमतेम वीस अंशांच्या आसपास. हळूहळू उतरा, उडी मारू नका.

चालणाऱ्यांसाठी पेर्टिझाउहून गाइसआल्म या तलावाकाठच्या कुरणापर्यंत काठाकाठाची वाट आहे. काही ठिकाणी अगदी अरुंद, आणि खाली थेट पाणी. लहान मुलं आणि गुडघेदुखीवाले यांनी बोटीने जावं. गाइसआल्मला मोटाररस्ता नाही, बोट किंवा पाय हेच दोन मार्ग. परतीची शेवटची बोट किती वाजता, ते जातानाच धक्क्यावर वाचून घ्या. डोंगरमाथ्याची हौस असेल तर माउराख गावाहून रोफानची केबल कार साधारण १,८३० मीटरवर नेऊन सोडते. आकाश सकाळी स्वच्छ असेल तेव्हाच जा, दुपारवर टाकू नका.

थोडे रोख युरो जवळ असू द्या. पर्यटन कर दर माणशी दर रात्रीचा वेगळा असतो आणि शेवटच्या दिवशी हिशेबात येतो. निघायच्या सकाळी झगे आणि पंचे एका ठिकाणी गोळा करून ठेवा, किल्ली हातात द्या, आणि बाथरूमच्या कपाटाचा वरचा खण उघडून बघा. आमच्या बॅगा बसमध्ये चढल्या होत्या, तेव्हा मला तो रुमाल आठवला.