डस्ट माइटची अ‍ॅलर्जी चेंबरमध्ये तपासताना: आधी कोरी नोंद

एक्सपोजर चेंबरमधील तपासणीत, तापमान व आर्द्रता बांधून ठेवलेल्या बंद खोलीच्या हवेत डस्ट माइटच्या (घरातल्या धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांच्या) अ‍ॅलर्जनचे, म्हणजे अ‍ॅलर्जी जागवणाऱ्या द्रव्याचे, मोजून घेतलेले कण सोडले जातात आणि आत बसलेल्या व्यक्तीचे नाक, डोळे व छाती त्याला कसा प्रतिसाद देतात याची ठरावीक वेळाने नोंद होते. व्हिएन्ना आणि कॅनडातील किंग्स्टन येथील अशा खोल्या या क्षेत्रात सर्वपरिचित आहेत. नागपुरातील जे पदव्युत्तर विद्यार्थी अशा अभ्यासाचा आराखडा करू इच्छितात, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. माझे ठाम मत असे, की आतले आकडे कितीही काटेकोर घेतले, तरी ती व्यक्ती घरून काय श्वासात घेऊन आली हे ठाऊक नसेल, तर त्या आकड्यांना अर्थ राहत नाही.

माइट जेमतेम पाव ते तृतीयांश मिलिमीटर लांबीचे असतात, चावत नाहीत आणि आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात. नेदरलँड्समधील लायडनच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात घरातल्या धुळीच्या अ‍ॅलर्जीचे मूळ त्यांच्यात दाखवून दिले. त्रास प्रामुख्याने त्यांच्या विष्ठेच्या कणांतील प्रथिनांचा होतो. माइट पाणी पीत नाहीत, ते हवेतला ओलावा शोषून घेतात, म्हणून सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांखाली राहिली की ते सुकून मरतात. हे वाचून नागपूरचा मे महिना माइटमुक्त असेल असे वाटते. परंतु आपल्याकडे दुपारभर कूलर चालतो आणि ओल्या ताट्यांतून आलेली हवा त्याच खोलीतल्या कापसाच्या गादीवर पडते. एकाच मोहल्ल्यातील दोन घरांत, एकात कूलर व दुसऱ्यात एसी असेल, तर उन्हाळ्यातला माइटचा भार वेगळा असू शकतो. म्हणून निवडीच्या वेळीच गादी कापसाची की फोमची, ती गच्चीवर उन्हात शेवटची केव्हा टाकली, कूलर आहे का आणि हिवाळ्याच्या रजया पेटीतून केव्हा काढल्या हे विचारून लिहून घ्यावे. पावसाळा संपता संपता माइट भरपूर झालेले असतात. त्या काळात रोज थोडा थोडा मारा सोसलेले नाक चेंबरमध्ये एरवीपेक्षा लवकर पेटते. अभ्यासातील सर्व व्यक्तींच्या फेऱ्या शक्यतो एकाच हंगामात बसवाव्यात. गाजरगवताच्या परागांचीही अ‍ॅलर्जी असलेल्यांना त्याच्या फुलोऱ्याच्या काळात बोलावू नये.

चेंबरच्या आधी प्रिक टेस्ट करावी. हाताच्या आतल्या बाजूस माइटच्या अर्काचा, हिस्टामिनचा आणि नुसत्या द्रावणाचा एकेक थेंब ठेवून लॅन्सेटने हलके टोचावे आणि १५ ते २० मिनिटांनी उठलेली गांध मोजावी. तिच्या कडेने बॉलपेनची रेघ ओढून, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती रेघ कागदावर उतरवली, तर मोजमाप पुढेही पडताळता येते. नुसत्या द्रावणापेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठी गांध सकारात्मक धरतात. हिस्टामिन हे अ‍ॅलर्जीत शरीरातच सुटणारे रसायन आहे, म्हणून त्याची गांध सर्वांनाच उठायला हवी; तीच उठली नाही, तर ती टेस्ट बाद समजावी. माझ्यासमोर असे घडले आहे: रुग्णाने अ‍ॅलर्जीची गोळी आठवडाभर प्रामाणिकपणे बंद ठेवली होती, पण आदल्या रात्री मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून घेतली होती, आणि तिच्यात अँटिहिस्टामिनच, म्हणजे हिस्टामिनचा परिणाम दाबणारे औषध, होते. तेव्हापासून मी तोंडी उत्तरावर विसंबत नाही. पंधरा दिवसांत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि खोकल्याच्या बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगाव्यात आणि त्या टेबलावर मांडून एकेक वाचाव्यात.

दमा आटोक्यात नसलेल्या व्यक्तींना, गर्भवतींना आणि बीटा-ब्लॉकर (रक्तदाब व हृदयाच्या औषधांचा एक प्रकार) घेणाऱ्यांना अशा अभ्यासात घेऊ नये. नैतिकता समितीची मान्यता आणि मराठीतून समजावून घेतलेली लेखी संमती यांशिवाय पुढे जाऊ नये.

त्यानंतर कोरी फेरी घ्यावी, म्हणजे व्यक्तीला चेंबरमध्ये बसवून अ‍ॅलर्जन न सोडता तेवढाच वेळ तीच नोंद करावी. बाहेर ४४ अंशांचे ऊन असताना थंड खोलीत आलेले नाक नुसत्या बदलानेही गळू लागते. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या फेऱ्यांपूर्वी किमान अर्धा तास बाहेरच्या खोलीत स्वस्थ बसवावे. नाक चोंदणे, गळणे, खाजणे आणि शिंका या चार लक्षणांना प्रत्येकी ० ते ३ गुण देतात, म्हणजे बेरीज जास्तीत जास्त १२ होते. कोऱ्या फेरीत ही बेरीज ठळकपणे वर राहिली, तर ती फेरी पुढे ढकलावी आणि कारण शोधावे.

खऱ्या फेरीत सर्वांत अवघड काम हवेतले प्रमाण टिकवण्याचे आहे. मांजराचे अ‍ॅलर्जन हवेत तासन्‌तास तरंगते. माइटच्या विष्ठेचे कण मात्र साधारण १० ते ४० मायक्रॉनचे, जड असतात आणि थोड्याच वेळात खाली बसतात. त्यामुळे अ‍ॅलर्जन एकदाच सोडून चालत नाही, ते सतत पुरवावे लागते, आणि पंख्यांची मांडणी अशी हवी की कोपऱ्यातल्या व मधल्या खुर्चीपर्यंत सारखेच पोचेल. लेझरचे कण-मोजणी यंत्र कणांची संख्या सांगते, पण तो कण माइटचा की शर्टाच्या धाग्याचा हे त्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक खुर्चीजवळच्या फिल्टरवर हवा ओढून त्यातले डेर पी १ हे माइटचे मुख्य अ‍ॅलर्जन-प्रथिन एलायझा या प्रयोगशाळेतील चाचणीने मोजावे, आणि आत जाणाऱ्यांना धुतलेला चेंबरचा झगा घालावा.

गुण दर १५ मिनिटांनी घ्यावेत. त्यांच्या जोडीला आधी वजन केलेले कागदी रुमाल द्यावेत, वापरलेले रुमाल झिपच्या पिशवीत टाकायला सांगावे आणि शेवटी पुन्हा वजन करावे. माणूस संकोचाने ‘थोडेच गळते’ म्हणतो, तेव्हा हे ग्रॅम खरे बोलतात. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून फुफ्फुसाची क्षमता मोजण्याची चाचणी, सुरुवातीला व पुढे ठरावीक वेळाने करावी. पहिल्या सेकंदात फुंकरीने बाहेर पडलेली हवा मूळ आकड्यापेक्षा २० टक्क्यांनी घटली किंवा छातीत घरघर सुरू झाली, तर त्या व्यक्तीला ताबडतोब बाहेर आणून श्वासनलिका मोकळी करणारे सालब्युटामॉल द्यावे. ऑक्सिजन आणि अ‍ॅड्रेनालिन दाराशीच, हाताच्या अंतरावर असले पाहिजेत आणि डॉक्टर पूर्ण वेळ काचेपलीकडे हजर हवा.

बाहेर पडल्यावर बरे वाटते म्हणून लगेच स्कूटरवर घरी पाठवू नये. काहींना ४ ते ८ तासांनी दुसरी लाट येते, नाक गच्च होते किंवा छाती आवळते. किमान तासभर थांबवून पुन्हा स्पायरोमेट्री करावी, रात्रीसाठी पंप आणि संपर्काचा नंबर द्यावा, आणि झोपेपर्यंत दर तासाला गुण लिहायला छापील तक्ता द्यावा. पुढची फेरी नाक पूर्ववत झाल्यावर, एक-दोन आठवड्यांच्या अंतरानेच ठेवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून शेवटचे गुण विचारताना, रात्री कोणत्या गादीवर झोप झाली आणि कूलर चालू होता का, हेही त्याच ओळीत लिहून घ्यावे.