अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट खेळताय? मग या चुका टाळा, नाहीतर अर्ध्यातच सोडाल

हा हॉरर गेम 2010 चा, स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सचा, आणि अजूनही लोक तो सेलमध्ये घेतात, रात्री हेडफोन लावून बसतात आणि तासाभरात अनइन्स्टॉल करून मोकळे होतात. बहुतेकांची गडबड एकच, हातात बंदूक असल्यासारखं खेळतात. इथे बंदूक सोडा, साधी काठीपण नाही. 1839 साल, प्रशियातला ब्रेननबर्ग किल्ला, स्मृती गेलेला डॅनियल (म्हणजे तुम्हीच) आणि एक कंदील, बास. जिंकायला म्हणून खेळू नका असं गेम स्वतःच सुरुवातीला लिहून दाखवतो, पण ते वाचतो कोण.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मॉन्स्टरकडे बघत राहणं. आपल्याला सवय असते की शत्रू नजरेसमोर पाहिजे, तो कुठे चाललाय ते कळलं पाहिजे. इथे उलटं आहे, त्याच्याकडे बघितलं की डॅनियलची सॅनिटी, म्हणजे डोक्याचं भान, उतरते, स्क्रीन धूसर होऊन हलायला लागते, दात खाल्ल्याचा आवाज येतो, आणि मग तुम्हीच घाबरून चुकीच्या दिशेला पळता. आवाज आला की कंदील बंद, अंधारा कोपरा गाठा, खाली बसा आणि तोंड सरळ भिंतीकडे करा. तो कुठे आहे ते कानांनी ओळखायचं, म्हणून हेडफोन पाहिजेच. पाठलागाचं म्युझिक थांबलं म्हणजे त्याने नाद सोडला. खुर्च्या, डबे फेकून मारायचा प्रयत्न तर करूच नका, तो मरत नाही.

मग कंदील. अंधारात सॅनिटी जाते म्हणून काही जण तो सतत पेटता ठेवतात आणि तेल संपल्यावर रडतात. काही जण इतकी काटकसर करतात की गेम संपताना तेलाचा साठा तसाच पडून राहतो, त्याचा काय उपयोग? थोडा वेळ थांबलात तर डॅनियलचे डोळे अंधाराला सरावतात, साध्या कॉरिडॉरमधून तेवढ्यावर निघता येतं. टिंडरबॉक्स (मेणबत्त्या पेटवायची काडेपेटीच समजा) दिसेल त्या मेणबत्तीवर उडवू नका, जिथे कोडं आहे आणि परत परत यायचंय त्याच खोलीत वापरा. आणि सॅनिटी कमी झाली म्हणून नुसतं दिव्याखाली बसून फार काही भरत नाही, कोडं सुटलं की खरी भरते, त्यामुळे पुढे जात राहणं हाच उपाय आहे.

दारांवर लोक सगळ्यात जास्त मरतात. इथे दार एका क्लिकवर उघडत नाही, माऊसचं बटण दाबून धरायचं आणि हात हलवून दार ढकलायचं किंवा ओढायचं. शांतपणे हे सोपं वाटतं, पण मागे गुरगुर चालू असताना ओढायचं दार माणूस ढकलत बसतो आणि तिथेच खेळ खल्लास. म्हणून नवीन खोलीत शिरलात की दार कुठल्या बाजूला उघडतं ते आधी बघून ठेवा. आत जाण्याआधी बोटभर फट करून डोकवा, आणि पळताना दार मागे लावून घ्या, तो फोडतो पण तेवढे सेकंद मिळतात.

पाणी भरलेल्या तळघरात तर भलेभले अडकतात. तिथला प्राणी दिसतच नाही, फक्त पाण्यावर उडणारे शिंतोडे दिसतात. पाण्यातून धावत सुटायचं नाही, एका खोक्यावरून दुसऱ्या खोक्यावर उड्या मारायच्या. तुम्ही वर असाल तर तो काही करू शकत नाही. उतरावंच लागलं तर तिथे पडलेले माणसांचे तुकडे (हो, किळसवाणं आहे) उचलून लांब फेका, तो तिकडे खायला जातो, तेवढ्यात आपलं काम उरकायचं.

गॅमा, म्हणजे स्क्रीनचा उजेड, वाढवून सगळं लख्ख करणारेही आहेत. दिसतं छान, पण सॅनिटी तुमच्या मॉनिटरवर चालत नाही, गेमच्या अंधारावर चालते, म्हणजे भीती गेली आणि त्रास तसाच राहिला. सुरुवातीला सेटिंग विचारतो तेव्हा सांगतो तसंच ठेवा.

मरायला फार घाबरू नका. नॉर्मल मोडमध्ये मेलात तर जवळच उठता आणि बऱ्याचदा तो मॉन्स्टर तिथे नसतोच. सॅनिटी शून्य झाली तरी डॅनियल कोसळतो, मरत नाही. पण 2018 मध्ये आलेला हार्ड मोड पहिल्यांदाच लावायची हौस करू नका, त्यात सॅनिटी शून्य म्हणजे मरण, ऑटोसेव्ह नाही, स्वतः सेव्ह करायला 4 टिंडरबॉक्स जातात आणि धोक्याचं म्युझिकपण वाजत नाही. तसंच गेमसोबत मिळणारं जस्टीन हे वेगळं प्रकरण छोटं आहे म्हणून त्याने सुरुवात करू नका, त्यात सेव्हच नाही, मेलात की गेम सरळ बंद होऊन तुम्ही डेस्कटॉपवर, परत पहिल्यापासून.