रॅम बदलायला निघालात? आधी या चुका टाळा

पावसाळा लागला की ठाण्यात घोडबंदर रोडपासून कळव्यापर्यंत एकाच तक्रारीचे फोन येतात. पीसीचा पंखा फिरतो, बीप वाजते, डिस्प्ले येत नाही. आणि पुढे, "रॅम उडाली, नवी मागवलीय."

अहो, आधी जुनी काढून तर बघा! खाडीकाठच्या दमट हवेत रॅमच्या स्टिकच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर धरतो आणि ती जिथे बसते त्या स्लॉटशी संपर्क तुटतो. वायर प्लगमधून काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, मगच स्टिकला हात लावा. शाळेतल्या पांढऱ्या मऊ खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने पुसा आणि चुरा ब्रशने झाडा. शाईचा खरखरीत रबर नको, सोन्याचा मुलामाच निघतो. बसवताना क्लिपचा कट्ट आवाज यायलाच हवा. दोन स्टिक असतील तर एकेक लावून बघा. एवढ्यावर बरेच पीसी उठतात, पण एवढा धीर कुणाला नसतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते: पीसी स्लो म्हणजे रॅम कमी, असं धरून चालणं. नौपाड्यातल्या एका सीएंच्या ऑफिसात ऐन रिटर्नच्या दिवसांत कुणीतरी 4 जीबीची रॅम 16 करून दिली होती. तिथले अकाउंटंट म्हणाले, "साहेब, पैसे गेले आणि टॅली आहे तिथेच आहे." सिस्टिमची माहिती उघडली. रॅम 16 जीबी, पण वापरण्याजोगी 3 च्या थोडी वर. विंडोज 32 बिटचं! 32 बिटांत मेमरीतल्या जागांचे पत्तेच 4 जीबीपुरते मावतात, त्यातलेही काही ग्राफिक्स वगैरे भागांकडे जातात. कशावर किती ताण आहे ते दाखवणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्क्यांवर अडकलेली. रॅम पुरेना की विंडोज उरलेला डेटा डिस्कवर ठेवतं, आणि इथे डिस्क जुनी, फिरणारी. रॅमचं काम नॅनोसेकंदांत होतं, अशा डिस्कला मिलिसेकंद लागतात. फरक लाखपटीच्या घरातला आहे. बॅकअप घेऊन एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर, 64 बिटचं विंडोज टाकलं, तेव्हा कुठे त्या 16 जीबीचा उपयोग झाला. टास्क मॅनेजर न बघता रॅम विकणाऱ्याचा मला खरंच राग येतो.

डीडीआर4 आणि डीडीआर5 या रॅमच्या दोन पिढ्या. दोन्हीच्या डेस्कटॉप स्टिकला 288 पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी आणि व्होल्टेज 1.2 आणि 1.1. बसत नसेल तर जोर लावू नका, स्लॉट तुटला की मदरबोर्ड गेला.

वेगवेगळ्या स्पीडच्या स्टिक एकत्र लावल्या तर सगळ्या सर्वांत हळू स्टिकच्या चालीने चालतात.

"कॅशही वाढवून द्या" असं काही जण म्हणतात. कॅश म्हणजे प्रोसेसरची हाताशी असलेली छोटी, वेगवान मेमरी. ती एसरॅम नावाच्या वेगळ्या प्रकारची असते, प्रोसेसरच्या आतच. वाढत नाही.

सेव्ह न करता काम करू नका. रॅममधला प्रत्येक बिट इवल्याशा कपॅसिटरमधला चार्ज असतो. तो गळत राहतो, म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. लाइट गेली की सगळं गेलं. यूपीएस घ्या.

रॅम साफ करणारी ॲप्स काढून टाका. रिकामी दिसणारी रॅम विंडोज फायली हाताशी ठेवायला वापरतं, ती ॲप्स नेमकं तेच पुसतात. आणि निळी स्क्रीन वारंवार येत असेल तर रात्री झोपताना मेमटेस्ट86 हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून ठेवा. सकाळी एक जरी एरर दिसली, तर स्टिक एकेक करून तपासा आणि जी नापास होईल तेवढीच बदला.