विनाशिका डोक्यावर आली की काय करायचं

'सायलेंट हंटर ३' हा दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी चालवायचा २००५चा गेम मी घेतला, तेव्हा माझ्या पहिल्या तीन-चार पाणबुड्या एकाच कारणाने तळाला गेल्या. विनाशिका (शत्रूची वेगवान युद्धनौका, डिस्ट्रॉयर) दिसली की मी टॉर्पेडो सोडायला धावायचो. गेममधली टाइप ७सी पाणबुडी पाण्याखाली जेमतेम साडेसात नॉट पळते, विनाशिका तिशीच्या पुढे. तिच्याशी लढायचं नसतं, तिला चकवायचं असतं.

आधी पेरिस्कोप खाली घ्या आणि खोल जा. दीडशे मीटर बरे. जाताना पाणबुडीचं शेपूट विनाशिकेकडे करा. आडवी पाणबुडी विनाशिकेच्या सोनारला (प्रतिध्वनीवरून पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्राला) भिंतीसारखी दिसते, शेपूट दाखवलं की प्रतिध्वनी क्षीण होतो.

मग सायलेंट रनिंग (आवाज न करता चालणं) लावा आणि वेग दोन नॉटच्या आत ठेवा. या काळात दुरुस्ती आणि टॉर्पेडो भरणं थांबतं. चालेल. पाणी आत येत असेल तर मात्र जीव वरखाली होतो, तिथे नियम बाजूला ठेवून मी दुरुस्तीच करतो.

आता हेडफोन लावून ऐकत बसा. सगळा खेळ इथे आहे. पिंग, म्हणजे सोनारचे आवाज, आधी दूरदूर असतात, विनाशिका जवळ येईल तसे दाट होतात. तिच्या पंख्यांची (प्रॉपेलरची) घरघर वाढली म्हणजे तिने धाव घेतली. अगदी जवळ आल्यावर तिच्या सोनारचा झोत तुमच्या वरून निघून जातो आणि तुम्ही तिला दिसेनासे होता. डेप्थ चार्ज (पाण्यात खोलवर फुटणारे बाँब) पडतात तिच्या मागच्या टोकावरून, म्हणजे शेवटचा टप्पा ती अंदाजानेच गाठते.

हिशेब करून बघा. डेप्थ चार्ज सेकंदाला साधारण तीन मीटर बुडतो, म्हणजे दीडशे मीटरवर यायला पन्नासेक सेकंद. दोन नॉटने तेवढ्यात तुम्ही पन्नास मीटर सरकता, सहा नॉटने दीडशे. म्हणून ती डोक्यावर आली की फुल स्पीड, सुकाणू पूर्ण एका बाजूला. स्फोटांच्या गोंगाटात तुमचा आवाज बुडून जातो. गोंगाट ओसरायच्या आत मात्र पुन्हा दोन नॉटवर या. हे विसरलात तर पुढच्या फेरीत ती नेमकी तुमच्यावर येते. आणि दर वेळी डावीकडेच वळू नका!

बॅटरीकडे लक्ष असू द्या. फुल स्पीडची चैन मिनिटभराचीच.

युद्धाच्या उत्तरार्धात विनाशिकेवर हेजहॉग हे नवं अस्त्र येतं. त्याचे चोवीस बाँब विनाशिकेच्या पुढे फेकले जातात, त्यामुळे ती डोक्यावर यायची वाट बघायची सोय उरत नाही, वळण आधीच घ्यावं लागतं. ते पाणबुडीला लागले तरच फुटतात. फेकल्यावर शांतता राहिली तर नेम चुकला म्हणायचा.

दोन जहाजं असतील तर अवघड. एक लांब थांबून पिंग करत राहतं, दुसरं दबक्या पावलांनी येतं. ब्रिटिश कॅप्टन वॉकर यांनी खऱ्या युद्धात हीच युक्ती वापरली होती. अशा वेळी मी लांबच्या जहाजाकडे शेपूट ठेवतो आणि कान दुसऱ्याकडे.

टॉर्पेडो सोडायचाच असेल तर विनाशिका आडवी आणि संथ असताना. १९४३च्या शरद ऋतूपासून आवाजाचा माग काढणारा टी-५ टॉर्पेडो मिळतो. तो सोडला की लगेच साठ मीटर खाली जाऊन गप्प व्हा, नाहीतर तो तुमच्याच पंख्यांकडे वळेल.